ळ

उद्यमबागच्या मागं, जिथं फौंड्रीतली काळी वाळू
रस्त्याकडेला टेकाड होऊन बसलीय,
तिथल्या पंचायतीत मी वॉटरमन. सोळा वर्षं.
व्हॉल्व्हची चावी खांद्यावर टाकून निघालो की
पोरं ओरडतात, गदा आली, गदा आली.

परशराम काकतकरच्या पत्र्याच्या खोल्या
माझ्या वहीत एकच घर.
एक जोडणी, एक पाणीपट्टी.
आत चौदा खोल्या, खोलीत पाच-सहा जणं,
ओडिशाची, वितळलेलं लोखंड साच्यात ओतणारी.
वहीत नव्हती म्हणून मला दिसायची नाहीत.
खरं, बादल्या दिसायच्या,
रात्री दोनला, गळक्या व्हॉल्व्हखाली एकीला एक चिकटून.
मी लाथेनं उपड्या केल्यात त्या.
एकदा.
नाही, तीनदा.

नवीन पीडीओ मॅडम आल्या, शैलजा अंगडी, गदगकडच्या.
वहीवर बोट ठेवून म्हणाल्या, "एष्टु जना?"
मी म्हटलं, एक घर.
"घर नाही, माणसं विचारली."
सोळा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं,
आणि माझं कन्नड तेवढ्यापुरतं एकाएकी कच्चं झालं.

पहिली सभा रविवारी सकाळी अकराला. कुणी आलं नाही.
रविवारीच तर भट्टी पेटती असते, हे शिपायालाही ठाऊक होतं.
दुसरी रात्री साडेनऊला, फौंड्रीच्या गेटाबाहेर,
लग्नाच्या मंडपातनं बारा खुर्च्या आणून.
अकरा माणसं आली आणि उभीच राहिली.
मग मॅडमही उठल्या.
आमचे मेंबर नागोजी तेवढे बसून.

नागोजी म्हणाले, बाहेरच्यांना नळ दिला
तर गावानं काय प्यायचं?
कन्नडमधनं म्हणाले, मॅडमना कळावं म्हणून.
'बाहेरचे' हा शब्द ते कुठं शिकले, मला माहीत होतं.
माझा बापही तिथंच शिकला होता,
एका उताऱ्याची मराठी प्रत मागत
दर सोमवारी कचेरीच्या बाकावर.
बाक अजून आहे. बाप नाही.

मॅडमनी विचारलं, काय पाहिजे? दिवा? गटार?
मोडकं हिंदी मधल्या मध्ये लोंबकळत राहिलं.
तेवढ्यात कडेवरचं पोर सावरत
मिनती बेहेरा पुढं आली. हिंदी सोडून दिलं तिनं, म्हणाली,
"पाणि केतेबेळे आसिब?"

मी कधी ओडिया ऐकलेली नाही.
खरं, पाणी ऐकलं, आमच्याच ण-चं.
आणि बेळे. वेळ.
मॅडमही चमकून म्हणाल्या, वेळे? नम्मल्लू वेळे.
तिघांच्या जिभा टाळूला लागल्या एकाच जागी,
आणि नागोजी खुर्चीत जरा हलले.

त्यांना नळाच्या आधी वेळ पाहिजे होती.
दवंडीची रिक्षा कन्नडमधनं फिरते, गावात कानोकानी मराठी होते,
पत्र्यापर्यंत पोचेस्तोवर पाणी गेलेलं असतं.

आता काकतकरच्या कोपऱ्यावर फळा आहे.
पहिली ओळ कन्नड, ऑइलपेंटात: नीरु बिडुव वेळे.
दुसरी मराठी. तिची मंजुरी वर अडकलीय, म्हणून खडूनं.
तिसरी ओडिया. तिची तर फाईलच नाही, म्हणून तीही खडूनं,
मिनतीच्या हातची.
आमच्या अक्षरांना मिळून एक छप्पर,
तिच्या प्रत्येक अक्षराला वेगळी छत्री.

काजळी बसते. मंगळवारी दोन्ही ओळी मी गिरवतो.
एक वाचता येते, एक येत नाही.
परवा नागोजी सायकल थांबवून बघत राहिले.
म्हणाले, आपली ओळ मधेच का रे?
म्हटलं, कुठं ना कुठं असणारच की.

चौदा खोल्या वहीत आल्यात, चार जोडण्या मंजूर, बसली एक.
पाणी अजून पंचवीस मिनिटंच येतं.
रात्री दोनला बादल्या असतातच व्हॉल्व्हपाशी.
मी चावी लावतो, आणि शेवटची भरेपर्यंत
नट घट्ट करायचं विसरतो.